क्यूबच्या टायमरला न दिसणारे सेकंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत रुबिक्स क्यूबवर अर्धं पान लेख आला, घरात सगळ्यांनी वाचला, मुलीने तर कापून वहीत चिकटवलाय. क्यूबला एवढी जागा दिलीत त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यात एक वाक्य असं होतं की फॉर्म्युले पाठ करायचे, मोबाईलवर टायमर लावून रोज सराव करायचा, की वेळ आपोआप कमी होत जातो. मला या एका वाक्याबद्दल लिहायचंय, कारण आमच्या घरात जवळजवळ वर्षभर आम्ही हेच खरं मानून चाललो होतो आणि ते वर्ष बऱ्यापैकी वाया गेलं. आणि हा लेख वाचून अजून किती घरांत तेच चालू होईल असं वाटलं म्हणून हे पत्र.

माझी मुलगी बारा वर्षांची. मी तिच्याबरोबरच क्यूब शिकले, त्यामुळे बाहेरून बघून बोलत नाहीये. ती सीएफओपी पद्धतीने सोडवते, म्हणजे आधी खालच्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस, मग खालचे दोन थर (याला मुलं एफटूएल म्हणतात), मग वरची बाजू सगळी पिवळी करायची ते ओएलएल, आणि शेवटी वरचे तुकडे आपापल्या जागी न्यायचे ते पीएलएल. ओएलएलच्या ५७ केस (म्हणजे तुकड्यांच्या शक्य मांडण्या) आहेत आणि पीएलएलच्या २१. सुरुवातीला सगळे अल्गो, म्हणजे प्रत्येक केसचे वळणांचे फॉर्म्युले, पाठ करायची गरज नसते, दोन दोन टप्प्यांत केलं तर ओएलएलचे १० आणि पीएलएलचे ६ अशा १६ अल्गोंवर काम भागतं. तिने त्या १६ पासून सुरू करून चार महिन्यांत पीएलएलचे सगळे २१ केले, आणि त्यानंतर गाडी जी अडकली ती वीस सेकंदांवरच. रोज शंभर सॉल्व्ह. स्पेसबार दाबा, सोडवा, स्पेसबार दाबा, आकडा बघा, पुढचा स्क्रॅम्बल (क्यूब विस्कटायची वळणं). आकडा हलेना. मग ती चिडायची आणि अजून जोरात फिरवायची आणि क्यूब अडकायचा.

एकदा मी तिला नुसता टी पर्म, म्हणजे पीएलएलच्या टी नावाच्या केसचा अल्गो, करायला लावला. तो १४ वळणांचा अल्गो आहे आणि लागोपाठ दोनदा केला की क्यूब परत होता तसा होतो, त्यामुळे सरावाला फार सोयीचा. तिला एकाला दोन सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ७ वळणं. आता हे गणित बघा. सीएफओपीने आख्खा क्यूब सोडवायला साधारण ६० वळणं लागतात. सेकंदाला ७ च्या वेगाने ६० वळणं नऊ सेकंदांच्या आत संपायला हवीत, आणि तिला लागत होते वीस. मग उरलेले अकरा सेकंद गेले कुठे? त्या अकरा सेकंदांत क्यूब फिरतच नव्हता, किंवा अगदी हळू फिरत होता, ती पुढचा तुकडा शोधत होती, कुठली केस आली ते ओळखत होती, अर्धा अल्गो करून चुकला म्हणून मागे येत होती. बोटं तयार होती, डोळे मागे पडत होते, आणि टायमर या दोन्हींची बेरीज करून एकच आकडा दाखवत होता.

हे कळल्यावर आम्ही सीएसटायमर जरा नीट उघडून बघितला. चेन शुआंग नावाच्या क्यूबरने बनवलेला हा टायमर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ब्राउझरमध्ये चालतो आणि नेट नसतानाही चालतो. आम्ही त्यातला पाव भागसुद्धा वापरत नव्हतो. त्यात एका सॉल्व्हचे टप्पे पाडून वेळ मोजायची सोय आहे, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी कीबोर्डवरची एक की दाबायची. तिने स्वतः दाबली तर हात उचलावा लागतो आणि लय तुटते, म्हणून ती सोडवत बसली आणि शेजारी मी, क्रॉस झाला की ती "हं" म्हणायची आणि मी की दाबायची. अशा पन्नास सॉल्व्ह केल्या दोन संध्याकाळी. क्रॉसला साधारण ३ सेकंद, एफटूएलला साडेनऊ, ओएलएलला ४, पीएलएलला साडेतीन. वर्षभर ज्या पीएलएलचे अल्गो घासत होतो तिथे साडेतीन सेकंद जात होते, आणि त्यातले दोन तर नुसते बोटांचे होते. निम्मा वेळ एफटूएलमध्ये होता. तिथे ४१ केस असल्या तरी पाठांतर कमी आणि बघणं जास्त असतं, आणि तिथे आम्ही काहीच केलं नव्हतं.

मग तिने काय केलं तर टायमर बंद करून तीन आठवडे मुद्दाम हळू सोडवलं. एफटूएलमध्ये कोपरा आणि कडा असे दोन तुकडे जोडीने बसवतात, त्यातली एक जोडी बसवत असतानाच पुढची जोडी कुठे आहे ते शोधायचं, आणि न थांबता जेवढ्या वेगाने जमेल तेवढाच वेग ठेवायचा. मेट्रोनोम लावून ठोक्यावर एक वळण असाही सराव होतो, तो काही दिवस केला. पहिल्या आठवड्यात एकदा मोजून बघितलं तर वेळ पंचवीसवर गेलेला आणि तिला रडू आलं, ते मी विसरणार नाही. तीन महिन्यांनी सरासरी चौदाच्या आसपास आली. अल्गो तेवढेच होते, एकही नवीन शिकली नाही.

आता अल्गो ट्रेनरबद्दल, म्हणजे एकेक केस समोर आणून तिचा सराव करून घेणाऱ्या ॲपबद्दल. हे जरा सविस्तर लिहिते, कारण ट्रेनर ट्रेनरमध्ये खूप फरक असतो आणि नवीन मुलांना तो कळत नाही. आम्ही आधी जे एक ॲप वापरत होतो (नाव नको, बनवणाऱ्याने चांगल्या मनानेच बनवलं असणार) त्यात प्रत्येक केस नेहमी एकाच बाजूने दिसायची. खऱ्या सॉल्व्हमध्ये तीच केस चारपैकी कुठल्याही बाजूने समोर येते आणि अल्गो झाल्यावर वरचा थर किती फिरवायचा तेही दरवेळी वेगळं असतं. म्हणजे ॲपमध्ये तिला प्रत्येक पीएलएल एका सेकंदात ओळखता यायचा आणि सॉल्व्हमध्ये तोच पीएलएल आला की क्यूब वर धरून गोल गोल फिरवून बघायची. त्याच ॲपमध्ये दुसरा दोष असा की केस तयार करायला जो स्क्रॅम्बल दिला जायचा तो त्या अल्गोचाच उलटा, दरवेळी तोच. आठ दहा वेळा केल्यावर हाताला स्क्रॅम्बलच पाठ होतो आणि केस बघायच्या आधीच कळतं कुठला अल्गो करायचाय! मग ओळखण्याचा सराव झालाच कुठे? चांगल्या ट्रेनरमध्ये त्याच केसला दरवेळी वेगळा आणि लांब स्क्रॅम्बल येतो, कारण आत सॉल्व्हर बसवलेला असतो आणि तो तिथपर्यंत जायचा दुसराच रस्ता काढून देतो. नवीन ॲप घेताना एकच केस पाच वेळा मागून बघा, स्क्रॅम्बल आणि बाजू बदलतात का ते लगेच समजतं.

आणि ट्रेनर लागतोच, नुसत्या सॉल्व्ह करून भागत नाही, हेही तितकंच खरं. पीएलएलच्या बहुतेक केस १८ मध्ये एकदा येतात पण एच पर्म आणि दोन्ही एन पर्म ७२ मध्ये एकदा, ई आणि झेड ३६ मध्ये एकदा. एन पर्म शिकलात आणि रोज वीस सॉल्व्ह करत असाल तर तो तीन चार दिवसांनी एकदा भेटणार, तोवर विसरलेला असतो. ट्रेनरमध्ये फक्त न येणाऱ्या केस निवडून तेवढ्याच मागता येतात. चारही जी पर्म एकमेकांसारखे दिसतात, ते तर असे वेगळे काढून घोटल्याशिवाय बसतच नाहीत. आमच्याकडे नियम असा केला की ट्रेनरमध्ये केस दिसल्यावर आधी तोंडाने नाव सांगायचं, मगच हात लावायचा. नाव यायला उशीर झाला तर दुखणं डोळ्यांचं, नाव पटकन आलं आणि हात अडकला तर बोटांचं. यासाठी कुठलं महाग सॉफ्टवेअर लागत नाही. ब्लूटूथचे स्मार्ट क्यूब मिळतात, ते प्रत्येक वळण नोंदवून कुठे किती थांबलात ते आपोआप काढून देतात, छान आहेत, पण साधा क्यूब आणि मोबाईलवर केलेला व्हिडिओ हळू करून बघितला तरी थांबलेल्या जागा डोळ्यांना दिसतात. आणि इलेक्ट्रॉनिक्स असलेला क्यूब स्पर्धेत चालत नाही, तेव्हा हात साध्या क्यूबवरच बसलेला बरा.

स्पर्धेवरून आठवलं. लेखात मॅक्स पार्कचा २०२३ चा ३.१३ सेकंदांचा विक्रम मोठ्या अक्षरात होता, आणि १९८२ च्या बुडापेस्टच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मिन थाय २२.९५ सेकंदांत जिंकला होता तेही होतं. वाचून माझी मुलगी म्हणाली की आई मी १९८२ मध्ये असते तर जिंकले असते. तिचा आनंद खरा होता आणि मलाही आनंद झाला. पण हे दोन्ही एकेका सॉल्व्हचे आकडे आहेत. वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या स्पर्धेत ३x३ चा फेरीतला क्रम लागतो तो पाच सॉल्व्हच्या सरासरीवर, सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट काढून मधल्या तिघांची सरासरी. घरी मुलं बघतात फक्त पीबी, म्हणजे स्वतःचा आजवरचा सगळ्यात कमी वेळ. पीबी बऱ्याचदा नशिबाने येतो, ७२ मध्ये एकदा पीएलएल आयताच सुटलेला मिळतो आणि सॉल्व्हमधले तीन सेकंद वाचतात. यादीतून वाईट सॉल्व्ह डिलीट करायची सवय तर मी कितीतरी मुलांमध्ये बघितली. मग ॲप जी सरासरी दाखवतं ती त्या मुलाची नसतेच. आईबाबांनी "आज किती?" विचारायच्या ऐवजी शंभरची सरासरी विचारावी, त्यात सीएसटायमर दोन्ही टोकांचे पाच पाच बाजूला ठेवतो आणि मधला खरा माणूस दिसतो.

तसंच इन्स्पेक्शनचं. स्पर्धेत सुरू करायच्या आधी बघायला १५ सेकंद मिळतात, जज ८ ला आणि १२ ला आवाज देतो, १५ ओलांडले की दोन सेकंद दंड आणि १७ ओलांडले की ती सॉल्व्ह बाद. हे सगळं टायमरमध्ये लावता येतं, आवाजासकट. बहुतेक मुलं घरी हे बंद ठेवतात आणि क्रॉस कसा करायचा ते मिनिटभर बघत बसतात, मग पहिल्याच स्पर्धेत "एट सेकंद्स" ऐकू आलं की हात थरथरतात. आमच्याकडे झालंय. आणि पळणारे आकडे लपवायचीही सोय असते ती जरूर वापरा, समोर शतांश सेकंद धावत असताना कोणाचं लक्ष क्यूबवर राहील.

एक सल मात्र आहे. आधीच्या ॲपमधल्या तिच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या सॉल्व्ह फोन बदलताना गेल्या, हजारो होत्या, बाहेर काढून ठेवायची सोय होती की नाही तेही आम्ही कधी बघितलं नव्हतं. पहिल्यांदा एक मिनिटाच्या आत आली तो आकडा तिला परत बघायचा होता. तेव्हा महिन्यातून एकदा फाइल एक्सपोर्ट करून ठेवा.

शेवटी तुमच्याकडे एक मागणी. सुडोकूशेजारी थोडी जागा काढून दर रविवारी एका पीएलएल केसचं चित्र छापाल का? उत्तर आणि अल्गो पुढच्या रविवारी. चित्रात वरच्या थराच्या फक्त शेजारशेजारच्या दोन बाजू दाखवायच्या, तीन तीन असे सहा रंग, कारण तेवढ्यावरून २१ पैकी कुठलीही केस ओळखता येते, क्यूब फिरवून मागची बाजू बघावी लागत नाही. छापलेल्या चित्राला टायमर नसतो आणि ते गोल फिरवताही येत नाही, म्हणजे मुलांना बघावंच लागेल. २१ केस, २१ रविवार. चित्रं आमच्या घरून तयार करून पाठवायला आम्ही दोघी तयार आहोत, मुलीने पहिली चार काढलीसुद्धा आहेत आणि चारही जी पर्म आहेत.

आपली,
एक नियमित वाचक