येरळवाडीचा माळ मोकळाच राहू द्या

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी थंडीत आमच्या खटाव तालुक्यात येरळवाडी, मायणी, सूर्याचीवाडीच्या तलावांवर रोहित पक्षी आले की पेपरात फोटो येतात, बघून छान वाटतं. पण तलावाला लागून जो माळ आहे त्याच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही आणि तो आमच्या डोळ्यांदेखत संपत चाललाय, म्हणून हे पत्र.

मी वडूजचा, पेशानं मास्तर. बारा-तेरा वर्षं झाली, शाळेला सुट्टी असली की पहाटेच दुर्बीण घेऊन येरळवाडीला जातो. सुरुवातीला मीही नुसतं पाणीच बघायचो. चिखलात चोच उलटी घालून चरणारे रोहित, चक्रवाकाच्या जोड्या, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब. गाडी माळावर लावायची, चहा माळावर बसून प्यायचा, पण माळ म्हणून काही बघायचं असतं हे डोक्यातच नव्हतं. ते दाखवलं मेंढरं राखणाऱ्या एका आबांनी. एप्रिलची सकाळ होती, मी चालत होतो आणि आबा लांबूनच ओरडले, "मास्तर, पाय जपून टाका, म्होरं अंडी हाईत!" थांबून बघितलं तर काहीच दिसेना. आबांनी काठीनं दाखवलं तेव्हा कळलं, एवढ्याशा खळग्यात माळटिटवीची चार अंडी, रंग डिट्टो मुरमासारखा, वर काळपट ठिपके, कडेनं खडे आणि लेंड्या. माझं पाऊल दोन हातावर होतं.

आम्ही लांब जाऊन बसलो. थोड्या वेळानं टिटवी उडून तलावाच्या काठाला गेली, उथळ पाण्यात बसली, पोटाची पिसं चिंब भिजवली आणि परत येऊन अंड्यांवर बसली. मुरूम तव्यासारखा तापलेला, त्यात ओल्या पोटानं ती अंडी गार ठेवते. हे बघितलं त्या दिवशी तलाव आणि माळ वेगळे नाहीत हे मला पटलं. पखुर्ड्या म्हणजे कबुतरासारखे दिसणारे माळावरचे पक्षी, त्यांचंही तसंच, त्या माळावर बिया टिपतात आणि सकाळी पाण्याला येतात, नर तर पोटाच्या पिसांत पाणी भरून पिल्लांना नेऊन पाजतो. धाविक हा माळावर तुरुतुरु पळणारा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, काडी-कचऱ्याचं घरटंसुद्धा करत नाही. थंडीत भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. झाड यातल्या कुणालाच नकोय, उलट झाड आलं की त्यावर कावळे, ससाणे बसायला लागतात आणि खालची अंडी-पिल्लं त्यांना आयती दिसतात.

दोन वर्षांमागं मे महिन्यात एका संस्थेनं वृक्षारोपणासाठी त्याच माळावर जेसीबी घातला आणि ओळीनं खड्डे घेतले. माणसं चांगली होती, हेतूही चांगला, मी जाऊन बोललो तर म्हणाले, सर उजाड माळ आहे, हिरवा करतोय, त्यात वाईट काय? मी त्यांना अंडी दाखवायला म्हणून घेऊन गेलो तर त्या जागी मातीचा ढीग. दोन दिवस ती टिटवी ढिगाऱ्याभोवती ओरडत फिरत होती, मला अजून तो आवाज विसरता येत नाही. गिरिपुष्पाची रोपं लावली, दिवाळीपर्यंत निम्मी वाळली, आणि जिथं खोदलं तिथलं गवतही गेलं, म्हणजे आबांच्या मेंढरांचंही गेलं.

सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी, असं लिहिलं म्हणून ती जमीन वाया गेलेली होत नाही. खटाव-माणला पाऊसच कमी, वर मुरूम, तिथं गवत आणि अधूनमधून एखादी बोर, हिवर हेच निसर्गानं दिलेलं आहे. झाडं जरूर लावा, मीही शाळेतल्या पोरांना घेऊन लावतो, पण ओढ्याच्या कडेला लावा, रस्त्याला, गावठाणात लावा.

मायणी परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला याचा आम्हाला खरंच अभिमान आहे. ५ ते १२ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह होतो तेव्हा शाळांच्या सहली पाण्यावर येतात, त्यांना अर्धा तास माळावरही फिरवा, शांतपणे, रांगेत. आणि वनविभाग, ग्रामपंचायती, वृक्षप्रेमी मंडळी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे की मार्च ते जून या माळावर मशीन आणू नका, आणि कुठलाही खड्डा घ्यायच्या आधी तिथं मेंढरं चारणाऱ्या माणसाला एकदा विचारा, कुठल्या टेकाडाला कोण बसलंय ते त्याला पाठ असतं. यंदाचे खड्डे अजून घेतलेले नाहीत, म्हणून आत्ताच लिहितोय.

आपला,
एक पक्षीप्रेमी शिक्षक,
वडूज, ता. खटाव, जि. सातारा