वानर आपले पूर्वज नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात केळीच्या बागेत शिरलेल्या वानरांचा फोटो होता आणि खाली ओळ, 'पूर्वजांची केळीवर धाड'. नुकसानीची बातमी छापली ते चांगलंच केलं, पण 'पूर्वज' साफ चूक आहे, अन् पोरं तेच खरं धरून चालतात म्हणून लिहितोय.

वानर आपले चुलत आहेत, पूर्वज नाहीत. दोघांचा मूळपुरुष एक, तो कधीच संपला. पुढे गिबन, गोरिला, चिंपांझी आणि माणूस ज्या शाखेत आले तिचं शेपूट साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी गेलं, वानरांचं राहिलं. केनियात याच शाखेतल्या एकेम्बो नावाच्या प्राण्याची सुमारे १ कोटी ८० लाख वर्षं जुनी हाडं मिळालीत, त्यालाही शेपूट नसावं असंच ती सांगतात.

गेलं कसं, तर २०२४ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात संशोधन आलं की टीबीएक्सटी नावाच्या जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा घुसला. तसाच बदल उंदरांत केला तर काही आखूड शेपटीचे, काही बिनशेपटीचे जन्मले, आणि काहींच्या मज्जारज्जूत दोष निघाला. म्हणजे शेपूट फुकटात गेलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या आठवड्यात आपल्या प्रत्येकाला छोटं शेपूट असतं, आठव्यापर्यंत ते जिरतं. उरतं ते माकडहाड, तीन ते पाच मणक्यांचं. त्याला सरसकट निरुपयोगी म्हणतात तेही पटत नाही, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तिथंच धरलेले असतात आणि बसल्यावर थोडा भारही त्यावर येतो.

आणि वानरांचं शेपूट बघायला आपल्यासारखी जागा नाही! प्राणिशास्त्रज्ञ रूनवाल यांनी नोंदवलंय की साधारण तापी-गोदावरीच्या रेषेच्या उत्तरेकडची वानरं चालताना शेपूट पाठीवरून डोक्याकडे वळवतात, दक्षिणेकडची मागच्या बाजूला. ही रेषा आपल्या खान्देशातूनच जाते, रावेर-यावलच्या बांधावर उभं राहून कोणत्याही पोराला ते बघता येईल, निंबावरून उडी टाकताना तेच शेपूट तोल कसा सांभाळतं तेही दिसेल.

तेव्हा मुलांच्या पानात हे एकदा छापा, आणि पुढच्या फोटोखाली 'चुलत भावंडं' लिहा.

आपला,
एक वाचक, रावेर