शूटिंगवाल्या भाऊंना, सातवीच्या मॅडमकडून

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, "माह्यं नाव कुठं टाकू नका मॅडम, लोकं उद्या लग्नाचंही फुकट मागतीन." शब्द पाळते आहे. दारव्हा-दिग्रस भागात ज्यांच्या घरचं लग्न तुम्ही शूट केलंय त्यांना वाचता वाचता कळेलच, त्याला माझा इलाज नाही.

आभार खरं तर तोंडी मानायचे होते. त्या रात्री समाजमंदिरात मुलांची फिल्म दाखवून झाल्यावर तुम्ही वायरी गुंडाळत होतात तेव्हा जवळ आलेही होते. पण घसा भरून आला की मला कामाचंच काहीतरी बोलायची सवय आहे. "ती चादर शाळेची आहे, राहू द्या," एवढंच म्हणाले आणि वळले. म्हणून आता लिहिते.

तुमच्याआधी मी किती दारं वाजवली ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मागणी मोठी नव्हती. विज्ञानाच्या पुस्तकात कीटकाचं जीवनचक्र असतं ना, चार चित्रं आणि चार बाण. अंडं, अळी, कोष, पतंग. मुलं ते पाठ करतात, पेपरात काढतात, मार्क घेतात. पण जे काही घडतं ते सगळं त्या बाणांमध्ये घडतं, आणि बाणाबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. मला वाटायचं, वर्गानं मिळून एक साधी हलती फिल्म करावी. मातीची अळी, पुठ्ठ्याचं बोंड, थोडं हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचं. अळी पुढे सरकवायची तर ती कुठे जाते, काय खाते, कुठून बाहेर पडते हे आधी माहीत असावं लागतं. गुलाबी बोंडअळी निवडली, कारण २०१७ साली तिनं विदर्भातल्या कपाशीचं काय केलं ते या मुलांच्या घरात अजून निघतं. मुलं तेव्हा अंगणवाडीत होती, पण त्या वर्षीच्या उधारीच्या गोष्टी ऐकतच मोठी झाली.

तर एका प्रशिक्षणाला गेले. दिवसभर एसी हॉलमध्ये पडद्यावर स्लाइडा, विषय 'कृतीतून शिक्षण', आणि कृती एकच, रजिस्टरवर सही. पोहे मात्र चांगले होते. एका संस्थेची माणसं शाळेत आली, टॅब वाटले, बॅनर धरून फोटो काढले आणि जाताना टॅब कपाटात ठेवून किल्ली 'सुरक्षित' ठेवायला सांगून गेली. शहरातून एक तज्ज्ञ आले होते, त्यांच्या लॅपटॉपवर झकास कार्टून होतं. मुलं वाकून पाहू लागली तर म्हणाले, "लांबून, लांबून. हात लावू नका." वरच्या एका साहेबांनी माझा अर्ज वाचून विचारलं, "हे कोणत्या उपक्रमात बसतं?" मी म्हटलं, सर, सातवीत बसतं. त्यांना काही आवडलं नाही ते.

आणि मग तुम्ही. पितृपक्ष होता, लग्नं नाहीत, धंदा थंड. फोनवर तुम्ही ना योजना विचारली, ना पत्र मागितलं. विचारलं काय, तर वर्गाच्या खिडक्या कोणत्या बाजूला आहेत. मला वाटलं माणूस टाळतोय. आलात तेव्हा कळलं. आधी खिडक्यांना पोती आणि चादरी ठोकून घेतल्यात, कारण ढग आला-गेला की फोटोतला उजेड बदलतो आणि फिल्म लुकलुकते. कॅमेऱ्याचं ऑटो सगळं बंद केलंत. फोकस एकदा लावला, मग त्याला हात नाही. मग फळ्यावर हिशेब मांडलात: सिनेमात सेकंदाला २४ चित्रं, आपल्याला १२ पुरे, म्हणजे एका मिनिटाला ७२० फोटो. वर्गाचे डोळे पांढरे झाले. "घाबरता काऊन? एकाले काढाचे नाहीत, सर्‍यायले मिळून काढाचे आहेत," असं म्हणून तुम्ही कामं वाटून दिलीत. अळी हलवणारे हात वेगळे, बटण दाबणारा वेगळा, फोटो मोजणारी वेगळी, आणि फ्रेममध्ये कुणाचं बोट राहिलं तर ओरडणारा वेगळा. हे शेवटचं पद फारच लोकप्रिय झालं.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यासाठी हे पत्र आहे. तुमच्या ती लक्षातही नसेल.

पोळ्याच्या बैलांची उरलेली काळी माती आम्ही अळीसाठी वापरली होती. तुमच्या लाइटखाली ती तासाभरात तडकली, काळी मातीच ती. मग मुलींनी घरून कणीक आणली, मीठ आणि गोडेतेल घालून मळली, थोडं थोडं कुंकू मिसळून अळ्या वळल्या. लहानपणीची पांढरट, मग फिकट, मग चांगली गुलाबी. काम छान लागलं होतं. अळी फुलात शिरून पाकळ्या धाग्यांनी शिवत होती, डोमकळी, म्हणजे न उमलता मिटून राहिलेलं फूल, तयार होत होती. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा पाय तुमच्या स्टॅण्डला लागला.

तो मुलगा कोण ते तुम्हाला माहीत नव्हतं. वर्गात काही सांडलं, फुटलं, हरवलं की सगळ्यांचे डोळे आधी त्याच्याकडे जातात. गावातही तेच. कॅमेरा पडला नाही, पण जागचा हलला, आणि सगळे कळवळले, "गेलं!" तो भिंतीला टेकून उभा. बोलणी खायची तयारी त्याची कायमच असते, चेहऱ्यावर दिसते. मीही तोंड उघडलं होतं. त्याआधी तुम्ही विचारलंत, "खडू आहे का जी, मॅडम?"

तुम्ही आधीचा फोटो स्क्रीनवर लावून स्टॅण्ड हळूहळू जागेवर आणलात, मग खाली बसून एका पायाभोवती फरशीवर खडूनं गोल काढलात. दुसऱ्या पायाभोवती दुसरा. मग खडू त्याच्या हातात दिलात. "तिसरा तू काढ. आतापासून स्टॅण्ड तुह्या ताब्यात. हललं त तूच जाग्यावर आणजो." आणि वर वर्गाला म्हणालात, "लग्नात त मामालोक स्टॅण्डसकट पडतेत, हे त काहीच नाई."

बस. एवढंच. पुढच्या कामाला लागलात.

भाऊ, त्या कॅमेऱ्यावर तुमचं घर चालतं. लेन्सचे हप्ते चालू आहेत हे तुम्ही चहा पिताना सहज बोलून गेला होतात. ज्यांनी 'हात लावू नका' म्हटलं त्यांचा लॅपटॉप सरकारी होता. मी तेव्हापासून हाच विचार करते आहे की जपायला ज्याच्याकडे खरोखर काही असतं तोच असा विश्वास टाकतो की काय. नक्की माहीत नाही. पण त्या मुलानं पुढे रोज सकाळी येऊन, परिपाठाच्या आधी, खडूचे ते गोल पुन्हा गडद केले. झाडणाऱ्या मुलींना तेवढ्या जागेत झाडू लावू देईना. त्याची आई मला बाजारात भेटली, तिनं फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, हा शाळेत काय कराले लागला जी? सकाळी उठवा लागत नाई."

शिकवलं कोणी कुणाला, हाही प्रश्नच आहे. बोंडाच्या भोकावरून झालेलं भांडण आठवतं का? अर्धा वर्ग म्हणे, अळी भोक पाडून आत शिरते, तेच भोक आपल्याला दिसतं. मोजणारी मुलगी म्हणे, नाही. मला उत्तर माहीत होतं, मी तोंड उघडणार तोच तुम्ही म्हणालात, "मले नाई समजत. वावरात जाऊन पाहून या." मधल्या सुट्टीत पोरं शाळेमागच्या वावरात गेली, मालकाला विचारून बोंडं आणली, फोडली. बाहेरून हिरवंगार, साजरं बोंड, आणि आत अळी सरकी खात बसलेली. अंड्यातून निघालेली इवलीशी अळी शिरते ती जागा बुजून जाते, दिसणारं गोल भोक ती बाहेर पडतानाचं. फिल्ममध्ये तो भाग पुन्हा काढावा लागला, आणि कोणी कुरकुरलं नाही. मी हे फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवते आहे. या मुलांसारखं पक्कं कुणाला झालेलं पाहिलं नाही.

लाइट गेली होती त्या दुपारी तुम्ही दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितलीत, तीही इथे लिहून ठेवते. तुमच्या स्टुडिओत काउंटरमागे त्यांचा फोटो आहे हे मी आधी पाहिलं होतं, पण कशाला आहे ते तेव्हा कळलं. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण करून त्याचा वेल पडद्यावर वाढवून दाखवला. ते पाहून पैसे लावणारा माणूस मिळाला आणि १९१३ मध्ये त्यांचा पहिला मोठा चित्रपट आला. पुढे आगकाड्या हलवूनही त्यांनी असलाच खेळ केला. मुलं गप्प बसून ऐकत होती. शेवटी एकानं विचारलं, "म्हंजे त्यायलेही आधी कोणी पैसे देत नव्हतं का?" तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. मी साहेबांचा किस्सा तुम्हाला सांगितला नव्हता, तरी.

समाजमंदिरातल्या त्या रात्रीबद्दल गावात अजून बोलतात. फिल्म दीड-दोन मिनिटांची, पण लोकांनी ती पुन्हा पुन्हा लावायला लावली. कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग येतो, मादीच्या वासाला भुलून, हे दाखवलं तेव्हा मागच्या रांगेत जो हशा पिकला तो मी इथे समजावून सांगत नाही. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, हे वाक्य मोजणाऱ्या मुलीच्या आवाजात होतं. एरवी ती वर्गात वाचायला उभी राहिली की पुस्तक तोंडासमोर धरते. शेवटी अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत झोपते आणि घरामागे रचलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, ढिगात पुढच्या पावसाची वाट पाहते, हे आलं आणि हॉल शांत झाला. मग एक आजोबा म्हणाले, "मंग पऱ्हाट्या ठेवाच्या कुठं? चूल कशावर पेटवाची?" दुसऱ्यानं फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी न उपटता पुढचं पीक घेण्याचा, विषय काढला. विहिरीला पाणी आहे, झाडाला अजून बोंडं लागतात, हातात येणारे पैसे कोण सोडतो? कृषी सहायक सांगतात फरदड घेऊ नका, म्हणून सगळे मान हलवतात आणि फरदड घेतात. त्या रात्री निदान वाद तरी झाला, मोकळा, मुलांसमोर, आणि मुलं मध्ये बोलली तेव्हा त्यांना कोणी गप्प केलं नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत असं गावात सांगतात. ते खोटं आहे, तुम्ही पेट्रोलचे घेतलेत, आणि ते घेतलेत म्हणून मला बरं वाटलं. उपकाराचं ओझं ठेवलं नाहीत. मदत करणाऱ्यांना हे फार कमी जमतं. मदतीसोबत भाषण येतं, हार येतो, 'ग्रामीण भागातल्या मुलांसाठी' असं एक कनवाळू वाक्य येतं. तुम्ही आमच्या मुलांना बिचारी समजला नाहीत. चुकलं की पुन्हा काढायला लावलंत, एक आख्खी दुपार फेकून दिलीत कारण पतंगाचे पंख उलटे हलत होते. शहाण्या माणसाशी वागावं तसं वागलात त्यांच्याशी. आमच्याकडे असली माणसं असतात हो, गॅरेजवर, झेरॉक्सच्या दुकानात, दळणाच्या चक्कीवर. फक्त त्यांना शाळेत कोणी बोलवत नाही, कारण त्यांच्याकडे लेटरहेड नसतं.

आता तुळशीचं लग्न झालं की तुमच्या तारखा लागतील, त्यामुळे गळ घालत नाही. इकडे काम चालू आहे. मोबाइलवर करतोय, तुम्ही दाखवलं तसं हेडफोन लावून त्याच्या आवाजाच्या बटणानं फोटो काढतो, म्हणजे फोन हलत नाही. पुढचा विषय मुलांनीच ठरवला: गावच्या विहिरीचं पाणी मार्चनंतर जातं कुठे. दगड, मुरूम, काळी माती सगळं मिळालं. अडलंय ते पाण्यापाशी. जिलेटिनचा निळा कागद चमकतो, पतंगाचा कागद कॅमेऱ्यात कागदच दिसतो, आणि खरं पाणी वापरायचं तर ते दर फोटोला हलतं. स्टॅण्डवाल्याचं म्हणणं आहे की केसांना लावायचं निळं जेल आणावं, मुली म्हणतात ते वाळून आखडेल. तुम्हाला काही सुचलं तर फोन करा. रात्री आठनंतर करा, त्याआधी घरात रेंज नसते.

तुमच्या
सातवीच्या मॅडम