‘हातमागाची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला पुरावा हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी येवल्यातील एका विणकर घराची सून आहे. आमच्या घरातल्या दोन मागांवर आणि शेजारच्या चार घरांत विणल्या जाणाऱ्या पैठण्यांची छायाचित्रे काढणे, त्यांची माहिती ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवर भरणे आणि मागणी आली की साडी नीट बांधून पाठवणे, ही कामे गेली काही वर्षे मी करते. या कामात रोज अनुभवाला येणारी एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे, आणि नियम करणे ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापुढेही यावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी नागपूरच्या एका ताईंचा मला फोन आला. आमच्याकडे बावीस हजारांना असलेली पैठणी त्यांना दुसरीकडे चौदाशे रुपयांत मिळाली होती, आणि ती हातात पडल्यावर आपण फसलो हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांचा राग आमच्यावर होता, कारण दोन्हीकडचे छायाचित्र एकच होते. त्यांनी पाठवलेले पान मी उघडले, तर खरोखरच मी आमच्या ओसरीवर काढलेले छायाचित्र तेथे होते. मोराच्या पदराची ती जांभळी साडी, आणि कोपऱ्यात सासूबाईंच्या मागाचा अर्धवट दिसणारा खांब. खाली ‘प्युअर हँडलूम पैठणी’ असे लिहिलेले होते. ताईंना मिळालेली साडी यंत्रमागावरची, कृत्रिम धाग्याची होती. आम्ही त्या संकेतस्थळाकडे तक्रार केली. अकरा दिवसांनी उत्तर आले की छायाचित्र तुमचेच असल्याचा पुरावा द्या. तो दिल्यावर छायाचित्र काढले गेले, विक्रेता मात्र तसाच राहिला, आणि महिन्याभरात दुसऱ्याच दुकानाच्या नावाने तेच छायाचित्र डावे-उजवे उलटवून पुन्हा झळकले. फरक एवढाच, की या वेळी मोराचे तोंड दुसऱ्या दिशेला होते.

छायाचित्र चोरीला गेल्याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. दुकानात आलेली जाणकार बाई साडीचा पदर उलटून पाहते. पारंपरिक पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगासाठी धाग्याची वेगळी कांडी असते, आणि एका रंगाचा बाणा (आडवा धागा) जेथे संपतो तेथे तो शेजारच्या रंगाच्या बाण्यात गुंतवून परत फिरवला जातो, त्यामुळे मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत नाहीत आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागावर असा बाणा गुंतवता येत नाही. तेथे न वापरलेला रंगीत धागा नक्षीच्या मागून पुढे नेला जातो आणि मग कापला जातो. हा फरक बोटांना क्षणात कळतो. फोनच्या पडद्यावर मात्र पदर उलटता येत नाही, कापडाचे वजन कळत नाही, जरीचा स्पर्श कळत नाही. ग्राहकापुढे असते ते केवळ एक चित्र आणि त्याखालचा एक शब्द. तो शब्द लिहायला काही पैसे पडत नाहीत आणि त्याबद्दल कोणी काही विचारतही नाही. मग ज्याला साधी पैठणी विणायलाही काही आठवडे आणि भरजरी पदराची विणायला कित्येक महिने लागतात, त्याने चौदाशे रुपयांशी स्पर्धा कशी करायची?

यंत्रमागाच्या साडीला माझा विरोध नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘सेमी पैठणी’ या नावाने ती वर्षानुवर्षे विकली जाते, तिच्यावर हजारो कामगारांची घरे चालतात, आणि जिला हातमागाची पैठणी परवडत नाही तिलाही लग्नाकार्यात काठपदराची साडी नेसण्याची हौस असतेच. ती साडी आपल्या नावाने आणि आपल्या किमतीला विकली जात असेल तर त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते हाताचे नाव लावून यंत्राचे कापड विकणे.

कायदा नाही असेही नाही. वस्तूंच्या भौगोलिक निर्देशकांचा (जीआय), म्हणजे ठरावीक ठिकाणच्या वस्तूचे नाव जपणारा, कायदा १९९९ चा, आणि तो सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. पैठणीला या कायद्याखाली भौगोलिक मानांकन मिळूनही बरीच वर्षे झाली. मानांकन संस्थेच्या नावावर असले तरी प्रत्यक्ष विणणाऱ्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपले नाव चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात लावता येते, आणि २०२० मध्ये त्याचे शुल्क पाचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणले गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. खोटे निर्देशक लावणाऱ्याला तुरुंगवास आणि दंड दोन्हींची तरतूद या कायद्यात आहे. नोंदणी झालेला अधिकृत वापरकर्ता स्वतः दाद मागू शकतो, मात्र असा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या न्यायालयात चालत नाही. आता कल्पना करावी, की मागावर बसलेल्या बाईने माग थांबवून, वकील करून, कोणत्या राज्यात बसला आहे हेही ठाऊक नसलेल्या आणि पंधरा दिवसांत दुकानाचे नाव बदलणाऱ्या विक्रेत्यावर दावा लावायचा! हक्क कागदावर पूर्ण आहे, पण वापरता येण्याजोगा नाही.

कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत गेल्या वर्षी हेच सर्वांसमोर आले. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, महाराष्ट्रात संताप झाला, आणि उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. न्यायालयाने जुलैमध्ये ती फेटाळताना, दाद मागायची तर ज्यांच्या नावे मानांकनाची नोंदणी आहे त्यांनी यावे, अशी भूमिका घेतली. त्या चपलेची नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. परदेशी कंपनीच्या त्या चपलेबद्दल आपण सगळे बोललो, ते योग्यच होते. पण त्याच आठवड्यात, आणि त्याआधी अनेक वर्षे, आपल्याच देशातल्या संकेतस्थळांवर रेक्झिनच्या चपला ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून काही शे रुपयांना विकल्या जात होत्या आणि आजही जात आहेत. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, हाताने घातलेली शिवण आणि वेणी, यांच्या कारागिराचे रोजचे नुकसान मिलानमध्ये होत नाही, ते येथे होते. वारली चित्रकलेचीही हीच गत. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पालघर जिल्ह्यातील त्या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले, तरी उशीच्या अभ्र्यावर यंत्राने छापलेली वारली नक्षी ‘हँडपेंटेड’ म्हणून सर्रास विकली जाते.

खूणचिठ्ठ्यांनी, म्हणजे वस्तूला लावल्या जाणाऱ्या खात्रीच्या शिक्क्यांनी, हा प्रश्न सुटेल, असे काही जण सांगतात. सिल्क मार्क २००४ पासून आहे, हँडलूम मार्क २००६ पासून आहे, आणि या दोन्हींचा आम्हाला उपयोग होतो. परंतु सिल्क मार्क केवळ धागा खऱ्या रेशमाचा असल्याचे सांगतो. साडी हाताने विणली की यंत्रावर, याबद्दल तो काहीही सांगत नाही, आणि बहुतेक ग्राहकांना हा भेद माहीत नसतो. शिवाय ऑनलाइन बाजारात खूणचिठ्ठीचेसुद्धा छायाचित्रच दिसते, आणि ज्याने साडीचे छायाचित्र उचलले त्याला चिठ्ठीचे उचलायला किती वेळ लागणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की पुरावा मागण्याची जबाबदारी ज्याच्या दारातून माल विकला जातो त्याच्यावर असावी आणि ती विक्रीच्या आधी पार पडावी. यासाठी नवा कायदा करावा लागेल असे मला वाटत नाही. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, वस्तूचे वर्णन आणि चित्रे खरी व प्रत्यक्ष वस्तूशी जुळणारी असतील, असे हमीपत्र संकेतस्थळाने प्रत्येक विक्रेत्याकडून घ्यायचे असते. वस्तू कोणत्या देशात तयार झाली हे दाखवणेही बंधनकारक आहे. तो रकाना न भरता माल पानावर चढवता येत नाही. ज्या व्यवस्थेला देशाचा रकाना सक्तीचा करता आला, तिला ‘हातमाग’, ‘हँडमेड’, ‘हस्तनिर्मित’ किंवा मानांकन मिळालेले एखादे नाव लिहिणाऱ्यासाठी आणखी एक रकाना सक्तीचा करणे अवघड का असावे? त्यात अधिकृत वापरकर्त्याचा नोंदणी क्रमांक किंवा वस्त्रोद्योग मंत्रालयाकडून विणकरांना व हस्तकारागिरांना मिळणाऱ्या ओळखपत्राचा क्रमांक असावा, वस्तू कोणत्या गावात व कोणत्या पद्धतीने झाली ते असावे, आणि क्रमांक सरकारी नोंदीशी जुळला नाही तर तो शब्द त्या पानावर उमटूच नये. व्यापारी माल विकत असेल तरी हरकत नाही. त्याने कोणत्या विणकराकडून घेतला ते लिहावे. कोल्हापुरी चपलेसाठी लिडकॉमने, म्हणजे महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने, क्यूआर कोडची सोय केली आहे, त्यातून चप्पल कोणी आणि कोठे केली हे कळते. तसा कोड विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी असला, तर ग्राहकाला तो पैसे देण्याआधी तपासता येईल. डबा उघडल्यावर तपासून काय उपयोग?

माल परत येण्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. हाताने विणलेल्या कापडात कोठेतरी बाणा किंचित दाट, कोठेतरी किंचित विरळ बसतो; दुपारी उठून जेवून पुन्हा मागावर बसलेल्या माणसाचा हात पहिल्या दहा-वीस धोट्यांना वेगळा चालतो, हे मी स्वतः पाहिले आहे. यंत्राचे एकसारखे कापड ‘हँडलूम’ म्हणून पाहण्याची सवय झालेला ग्राहक या खुणेलाच दोष समजतो आणि ‘डिफेक्टिव्ह’ असा शेरा मारून साडी परत करतो. दोन्ही वेळचा वाहतूक खर्च आमच्या खात्यातून कापला जातो. दोनदा तर परत आलेल्या डब्यात आमची साडी नव्हतीच, दुसरीच कोणती तरी होती, आणि ती आमची नाही हे सिद्ध करण्याचे ओझेही आमच्यावरच पडले. साडी पाठवताना तिच्या क्रमांकाची नोंद संकेतस्थळाकडे असती, तर हा वाद दोन मिनिटांत मिटला असता.

आणखी एका नियमाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते, कारण खरा कारागीर ऑनलाइन बाजारात मुळात दिसतच नाही याचे ते एक कारण आहे. हस्तकलेच्या वस्तू परराज्यात विकणाऱ्या छोट्या कारागिराला ठरावीक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून २०१७ पासून सूट आहे. ऑनलाइन मंचावर विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यालाही ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीविना विक्रीची मुभा मिळाली, पण ती केवळ राज्याच्या हद्दीत. परिणाम असा, की आमच्या शेजारचा विणकर पणजीच्या प्रदर्शनात जाऊन साडी विकू शकतो, पण तीच साडी तेथल्याच ग्राहकाने संकेतस्थळावरून मागवली तर त्याला ती नोंदणीशिवाय पाठवता येत नाही. नोंदणी केली की दर महिन्या-तिमाहीची विवरणपत्रे आली, ती भरणारा सल्लागार आला, त्याचे शुल्क आले. वर्षाला मोजक्याच साड्या विणणारे घर या वाटेला जात नाही. त्यामुळे बंगळूरूच्या किंवा दिल्लीच्या ग्राहकाने ‘पैठणी’ असा शोध घेतला, की तिला व्यापारी दिसतात, नक्कल करणारेही दिसतात, विणकर मात्र दिसत नाही. प्रदर्शनात दिलेली सूट ऑनलाइन मंचालाही लागू करावी, आणि ती घेण्यासाठी वर सांगितलेला ओळख क्रमांकच पुरेसा मानावा. म्हणजे सवलत खऱ्या कारागिरालाच मिळेल.

राज्याच्या वस्त्रोद्योग विभागाने आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या सूचनेचा विचार करावा, अशी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती आहे. आमच्या गल्लीतल्या पाचही घरांत आज प्रत्येक साडीबरोबर एक चिठ्ठी जाते: विणणाऱ्याचे नाव, साडी मागावर चढवल्याची तारीख, उतरवल्याची तारीख, रेशमाचा प्रकार आणि पदरावरची नक्षी. ही चिठ्ठी सासूबाई स्वतःच्या अक्षरात लिहितात. संकेतस्थळाच्या पानावर तिच्यासाठी आज जागा नाही, ती करून द्यावी.

आपली विश्वासू,
एक वाचक,
येवला, जि. नाशिक