आयुक्तसाहेब, पेशंट लिफ्टसोबत झोळ्याही घ्या, आणि शिकवणारेही

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. परळपासून मुलुंडपर्यंत घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना उठवण्या-बसवण्याचं काम करते. त्यातले बरेचसे आपल्याच रुग्णालयांतून डिस्चार्ज घेऊन आलेले असतात, म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

वॉर्डात पेशंट शिफ्ट करायची रीत आपण पाहिली असेलच. चादरीची टोकं धरायची, ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि उचलायचं. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेतल्या संशोधकाने २००७ मध्ये हिशेब मांडला होता की अगदी सोयीच्या स्थितीतही एका माणसाने पेशंटचा सुमारे १६ किलोपेक्षा जास्त भार हातांनी पेलू नये. अर्धांगवायू झालेला ७० किलोचा माणूस एक वॉर्डबॉय, एक मावशी आणि पेशंटचा मुलगा असे तिघे उचलतात, तेव्हा सारखी वाटणी झाली तरी प्रत्येकाच्या वाट्याला २३ किलो येतात. आणि सारखी वाटणी कधीच होत नाही. मावशींच्या कंबरदुखीचं कारण वेगळं शोधायला नको.

यावर उपाय म्हणून पेशंट लिफ्ट येते, म्हणजे पेशंटला झोळीत घेऊन उचलणारं चाकांचं यंत्र. खाली पसरणारे दोन पाय, मधे खांब, वर दांडा आणि त्याला अडकवायची झोळी. एका रुग्णालयात मी ती स्टोअररूममध्ये उभी पाहिली, दांड्याला सलाइनच्या नळ्या टांगलेल्या. चौकशी केली तर झोळी धुलाईला गेली होती आणि परत आलीच नव्हती. निविदेत झोळी एकच, त्यामुळे यंत्र कायमचं बसलं.

झोळी हाच तर यंत्राचा जीव. बारीक माणसाला मोठी झोळी लावली तर तो खालून घसरतो, जाड्याला लहान लावली तर मांड्या काचतात. पट्ट्यांना रंगीत फासे असतात, ते डाव्या-उजव्या बाजूला एकाच रंगाचे अडकवायचे, नाहीतर माणूस तिरका लोंबकळतो. झोळी ब्लीचमध्ये धुतली की धागा कुजतो, हे चादरींच्या गठ्ठ्यात ती टाकणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सर्वात मोठा घोळ ब्रेकचा. ब्रेक लावायचा तो खाटेला आणि व्हीलचेअरला. लिफ्टची चाकं उचलताना मोकळी ठेवा असं बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत असतं, म्हणजे भार पडला की यंत्र आपोआप सरकून माणसाच्या बरोबर खाली येतं. आपल्याकडे नेमकं उलटं करतात. लिफ्टचे पाय पूर्ण फाकवलेले हवेत, पेशंटचे हात झोळीच्या आत हवेत. आधी गादीपासून दोन बोटं वर घेऊन थांबायचं, सगळे फासे पुन्हा बघायचे, मगच पुढे. एकाने दांडा सांभाळायचा, दुसऱ्याने पेशंटला. रात्रपाळीला एकटी सिस्टर असेल तर लिफ्ट असून नसल्यासारखी. आणि हे यंत्र खाटेवरून शेजारच्या खुर्चीपर्यंतच न्यायचं. झोळीत लटकवून एक्स-रेपर्यंत वरात काढायची नाही.

घरी अडचण वेगळीच. मुंबईकराच्या घरात जागा नाही, म्हणून खाली सामान भरलेला बॉक्सचा पलंग. त्याच्याखाली लिफ्टचे पाय जातच नाहीत. लोक हजारो रुपये मोजून यंत्र आणतात आणि पहिल्याच दिवशी ते पलंगाला धडकतं. पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेल्या मुलीला झोळी कशी सरकवायची ते माहीत नसतं, मग पुन्हा चादर. डिस्चार्ज देताना ‘पलंगाखाली वीतभर मोकळी जागा आहे का?’ एवढं विचारलं असतं तर बरंच वाचलं असतं.

तेव्हा पुढच्या खरेदीत प्रत्येक लिफ्टमागे निदान तीन मापांच्या झोळ्या, प्रत्येकी दोन, अशी अट घाला. ब्रिटनमध्ये माणसं उचलणाऱ्या उपकरणांची तपासणी १९९८ च्या नियमांनुसार साधारणपणे दर सहा महिन्यांनी करावी लागते. आपणही तसं करा, आणि आग विझवायच्या नळकांड्यावर असतो तसा तारखेचा कागद लिफ्टवर चिकटवा. वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेतच शिकवा, सुटीच्या दिवशी बोलावून नव्हे. आणि घरी लिफ्ट लागणारच असेल तर नातेवाइकाने सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने पेशंट हलवून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही होऊ नये. यातलं महागडं असं काहीच नाही, झोळ्या सोडल्या तर.

एक विनंती आणखी. निविदा निघण्याआधी खरेदी विभागातल्या एखाद्या अधिकाऱ्याला झोळीत बसवून खाटेवरून खुर्चीवर न्या. यादीत काय राहिलंय ते तोच वरून सांगेल. शिकवायला मी येईन, मानधन नको. फक्त सोमवार सोडून कुठलाही दिवस ठेवा, सोमवारी माझे पेशंट जास्त असतात.

आपली,
परळची एक फिजिओथेरपिस्ट