ड्रेसिंगच्या सिस्टरांना

सिस्टर, नमस्कार.

परवा कानबाईच्या सणादिवशी पोरीनं आपली वेणी आपणच घातली. दोन्ही हात मानेमागं नेऊन. तुम्हाला फोन लावणार होते, पण बोलताना रडू आलं असतं. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. अमळनेर-पारोळ्याकडं आणखी एखादी आई तो चुना बघून घाबरली असेल.

चुना हा शब्द पोरीचाच. कोपराची गाठ फुटली तेव्हा आतून पांढरं, भिंतीच्या चुन्यासारखं आलं. त्याआधी दीड वर्ष पापण्या जांभळ्या, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे, जिना चढवेना. एका दवाखान्यात ॲलर्जीची मलमं देत राहिले. ज्युव्हेनाईल डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे लहान मुलांच्या कातडीला न् स्नायूंना सूज आणणारा आजार, हे नाव मुंबईत कळलं. उपचाराला उशीर झाला की असं कॅल्शियम साठायचा धोका वाढतो, हेही तिथंच. तो राग अजून गेलेला नाही.

गाठ फुटल्यावर मी काय केलं, तर पोरीचं दूध बंद! तुम्ही पट्टी सोडता सोडता हसलात. "पोरले दूध पिऊ दे ना माय." रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल होतं, रिपोर्ट माझ्याच पिशवीत होता. सूज जुनी झाली की त्या जागी ते साचतं, दुधानं नाही. उलट स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ होतात, त्यांना दूध लागतंच.

मग रोज सकाळी, ड्यूटीआधी, तुमची स्कूटी दारात. सलाईननं धुवायचं, आपसूक सुटेल तेवढंच चिमट्यानं उचलायचं, दाबायचं नाही. गॉजवरचे खडे तुम्ही पोरीलाच मोजायला द्यायच्या. "आज तीन!" एरवी ती कोपराकडं बघायचीही नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यावर हमखास असं औषध नाही. आधी मूळ आजार आटोक्यात आणायचा, ऑपरेशन हालचाल अडली तरच. पामिड्रोनेट या हाडांच्या औषधाची सलाईन लागोपाठ तीन दिवस तिकडंच लागायची. मूळ आजार दाबायचं औषध, मेथोट्रेक्सेट, मात्र घरी, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिलं तर जिवावर बेतेल, म्हणून कॅलेंडरच्या प्रत्येक शुक्रवारी लाल खूण तुम्हीच केलीत.

गुडघ्याजवळची एक गाठ आहे तशीच आहे. उन्हानं आजार उसळतो, म्हणून आपल्या ४४ अंशांत लांब बाह्या न् छत्री चालूच. कानबाईचा रोट, तिचा प्रसाद, आमच्याकडं भाऊबंदांबाहेर देत नाहीत, नाहीतर पहिला तुमच्याकडं आला असता.

वेणी जरा वाकडी झाली होती. मी सोडून पुन्हा घातली नाही.