तिच्या वाट्याचं तिच्याच पोटात जावं

ता. केळापूर, जि. यवतमाळ

प्रिय कुंदा,

तुझं पत्र मिळालं. शेजारच्या सुनेला पोषण आहाराची पाकिटं वेळेवर मिळतात, तरी सातव्या महिन्यात ती पांढरीफटक दिसते, चालताना दम लागतो, असं का, म्हणून विचारलंस. आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घे. लोहाच्या गोळ्या ती खरंच घेते का तेही बघ. पुष्कळ बाया मळमळतं म्हणून डब्यात ठेवून देतात.

आता पाकिटांचं. इतकी वर्षं अंगणवाडीत काम करून सांगते, पाकीट घरी पोचतं, पण ते आणि तिचं पोट यांच्या मधे सगळं घर असतं. पाकिटातला शिरा सगळ्यांच्या वाटीत चमचा-चमचा पडतो. ती शेवटी बसते तेव्हा भाकर आणि ठेचा. यात कुणाची दुष्टाई नाही गं.

आमच्या आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजना आहे. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने बाईनं अंगणवाडीत येऊन एक वेळ ताजं, चौरस जेवायचं. गेल्या हिवाळ्यात कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, एक पोर यायची. भाकर अर्धी खायची, अर्धी पदराआड. विचारलं तर म्हणे, "बाई, घरी लेकरं वाट पायतात, मी एकटी कशी खाऊ?" तिचं मोठं लेकरू चार वर्षांचं. त्याला गरम आहार आम्ही देतोच, मग त्याचं ताट तिच्या शेजारीच मांडलं. त्या दिवशी तिनं अंडं सोललं, वर मीठ भुरभुरलं आणि सावकाश, अख्खं खाल्लं. मदतनीस ताई आणि मी एकमेकींकडं बघतच राहिलो.

सगळं सुरळीत चालतं असं नाही. पैसे उशिरा आले की किराणा उधारीवर. कापूस वेचणीत बाया सकाळीच वावरात जातात, दुपारच्या जेवणाला येणार कोण? म्हणून तेव्हा आम्ही चूल लवकर पेटवतो, त्या जेवूनच वावराची वाट धरतात. डबा मात्र देत नाही. डबा घरी गेला की पुन्हा त्याच वाट्या.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं अंगणवाडीचा पोषण आहार हा गरोदर बाईचा हक्क आहे, घरचं रेशनकार्ड कुठलंही असो. रोज 600 किलोकॅलरी, 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं. हिशेब मात्र पाकिटं किती वाटली याचा होतो, तिनं किती खाल्लं याचा नाही. माझं ठाम मत आहे, ताटावर बसवून जेवू घालणं तुमच्या मूर्तिजापूरकडंही सुरू व्हायला हवं. निंदणाला जाणारी बाई आदिवासी नसली म्हणून तिला भूक कमी लागते का?

तोवर तुमच्या बचत गटात विषय काढ. गटातल्या एखादीच्या घरी तिला दुपारी बसवा, पाकीटही तिथंच शिजू द्या. सासूबाईंना सोबत घ्या, म्हणजे रुसवे नकोत. आणि पहिलटकरीण असेल तर मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6000. त्याचा अर्ज राहिलाय का, तुमच्या सेविकेला विचार.

हिमोग्लोबिन किती निघालं ते फोनवर लगेच सांग.

तुझीच,
मंगल